बाशलिये यांचा प्रबंध : सामर्थ्य आणि मर्यादा

लुई बाशलिये या फ्रेंच गणितज्ञाने २९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये ‘सट्ट्याचा सिद्धांत’ हा प्रबंध मांडला. परीक्षक आंरी प्वांकारे यांनी त्यातील नावीन्याची प्रशंसा केली. तरी सर्वोच्च श्रेणी काही मिळाली नाही. आज वित्तीय गणिताचा उगम याच प्रबंधात मानतात. त्याविषयीचे बरेच लेखन ‘उपेक्षित प्रतिभावंत’ एवढे म्हणून थांबते. आमच्या मते, प्रबंधाचे मोल त्यातील गृहीतकांवरून ठरवायला हवे.

सरकारी कर्जरोख्यांचा भाव पुढच्या क्षणी चढेल की उतरेल हे सांगता येत नाही. म्हणून सटोडियाची अपेक्षित प्राप्ती शून्य असते, असे बाशलिये गृहीत धरतात. यातून काय निष्पन्न होते, ते वर्गात नाणे उडवून पाहता येईल. छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक मागे. अशा अनेक फेऱ्या केल्यास, मूळ जागेपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ १०० फेकींनंतर सुमारे १० पावले येते, ४०० फेकींनंतर सुमारे २०. म्हणजे काळ चौपट, तर अनिश्चितता दुप्पट. द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या ब्राउनीय गतीसाठी आइन्स्टाइन यांनी हाच नियम १९०५ मध्ये स्वतंत्रपणे काढला.

या प्रतिमानावर दोन आक्षेप आहेत. पहिला, त्यात भाव शून्याखाली जाऊ शकतो. शेअरचा भाव तसा जात नाही. म्हणून पुढे भावाऐवजी त्याचा लॉगॅरिथम घेण्यात आला. ब्लॅक आणि शोल्स यांचे १९७३ मधील सूत्र त्यावरच उभे आहे. परंतु २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत खनिज तेलाच्या वायदा सौद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, आणि तेथील बाजाराने तेलाच्या काही ऑप्शन सौद्यांसाठी बाशलिये यांचेच प्रतिमान स्वीकारले! शेअरसाठी जो दोष, तोच तेलासाठी गुण ठरला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाशलिये यांच्या घंटाकृती वक्रात फार मोठी उलथापालथ जवळजवळ अशक्य ठरते. कापसाच्या भावांत अशा मोठ्या उड्या वारंवार दिसतात, हे मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये दाखवले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एकाच दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. वक्रावर विसंबून जोखीम मोजणाऱ्याला असा दिवस हिशेबात धरताच येत नाही, आणि बुडतात ते लोकांचे पैसे.

तेव्हा सूत्र शिकवताना त्याची गृहीतकेही फळ्यावर लिहावीत. बाशलिये यांनी आपली गृहीतके स्पष्ट मांडली, म्हणूनच पुढच्यांना ती तपासता आली.