रिपोर्ट नॉर्मल

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले, तेव्हा त्यातल्या संयमाचे खूप कौतुक झाले. ते रास्तच होते. कोकणचा किनारा आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण. जानकी त्याला घरी आणते आणि खोदून खोदून काही विचारत नाही. या न विचारण्याची मोहिनी माझ्यावरही आहे. तरी रत्नागिरीत राहून हा चित्रपट पाहताना एक प्रश्न सुटत नाही: जानकी त्याच्यावर इतक्या सहज विश्वास कशी ठेवते? उत्तर चित्रपटातच आहे. ती स्वतः त्यातून गेलेली आहे. शिवाय तिच्याकडे घर आहे, गाडी आहे, आणि जाब विचारणारे नातेवाईक आसपास नाहीत.

आमच्याकडच्या घरांत ही सोय नसते. तिथे आधी रिपोर्ट येतो. थकवा, झोप नाही, जेवण जात नाही म्हटल्यावर डॉक्टर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासायला सांगतात. अशाच तक्रारी दुसऱ्या आजारानेही होतात, म्हणून ते योग्यच. पण रिपोर्ट नॉर्मल आला की घर त्याचा अर्थ लावते, ‘म्हणजे तुला काही झालेले नाही.’ पुढे गाऱ्हाणे, नारळ, नाहीतर लग्न. थिबा राजाला रत्नागिरीत आणले त्याच १८८६ साली इथे मनोरुग्णालयही आले. एवढ्या वर्षांत त्याचे नाव थट्टेत जितके निघाले, तितके सल्ल्यात निघाले नाही.

म्हणूनच नैराश्य रक्तात दिसावे, ही आस मला समजते. ती एकदा पुरी झाल्यासारखी वाटलीही होती. १९८१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन द्यायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आणि रात्री अकराला रक्तातले कॉर्टिसोल मोजायचे. निरोगी शरीरात या औषधाने कॉर्टिसोल दबते. तीव्र, शरीरात मुरलेल्या नैराश्यात, ज्याला मेलँकोलिया म्हणतात, ते अनेकदा दबत नाही. त्यांच्या अभ्यासात असा आजार नसलेल्यांपैकी ९६ टक्के लोक बरोबर वगळले गेले. आजार असलेल्यांपैकी सापडले ६७ टक्के.

पुढे वजन घटलेल्यांत, दारू पिणाऱ्यांत, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतही कॉर्टिसोल दबेना, आणि निदानासाठीची ही चाचणी मागे पडली. पण मी अडतो तो त्या ६७ वरच. म्हणजे शंभरांतले ३३ जण खरोखर आजारी, आणि हातात नॉर्मल रिपोर्ट. आज घर निदान शंका तरी घेते. उद्या प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी सांगेल, की हा नाटक करतो.

आता सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनसारख्या दाहाच्या खुणांवर संशोधन चालते. काही रुग्णांत ते वाढलेले आढळते. ते हिरड्यांच्या आजारात आणि स्थूलपणातही वाढते. कोणाला कोणते औषध लागू पडेल हे ठरवायला अशा खुणा उपयोगी पडल्या, तर मला आनंदच होईल. आजार आहे की नाही, हे मात्र मनोविकारतज्ज्ञ आजही विचारूनच ठरवतात. किमान दोन आठवडे काय काय बदलले? कशातून रस गेला? मरणाचे विचार येतात का?

इथे ‘कासव’शी माझे भांडण आहे. न विचारण्यातली माया त्याने अप्रतिम दाखवली. विचारण्यातही माया असते, ती त्याच्या कॅमेऱ्याच्या फारशी वाट्याला आली नाही. आणि दत्ताभाऊ झालेत डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ! आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रिपोर्टची फाइल काढावी, डॉक्टरांनी ती वाचून बाजूला ठेवावी आणि मुलाला विचारावे, पहाटे किती वाजता जाग येते, असा प्रसंग मराठी पडद्यावर मला अजून भेटायचा आहे.