कंसातलं आमंत्रण

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स कोड उतरवून घेतला की सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये 'मेंटेनर्स' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल दिसते. कर्नलचा कुठला भाग कोण सांभाळतं याची ती यादी. दोन हजारांहून जास्त नोंदींची. प्रोग्रॅमर तिच्यात हवं ते नाव शोधतो, पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, कुणाला पाठवायचा ते बघतो आणि फाइल बंद करतो. पण ही यादी निवांत वाचावी अशी आहे. बिनपगारी कामाला माणसं कशी येतात आणि आलेली कशी टिकतात, यावर पुस्तकं आहेत, व्याख्यानं आहेत. पण या यादीइतकं थोडक्यात आणि खरं बोलणारं लिखाण माझ्या पाहण्यात नाही.

नोंदीची ठेवण अगदी सरळ आहे. वर भागाचं नाव, खाली काही ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर. 'एम'पुढे सांभाळणाऱ्याचं नाव, 'आर'पुढे तपासणाऱ्याचं, 'एफ'पुढे फायली. खरा रस आहे तो 'एस'मध्ये. 'एस' म्हणजे स्टेटस, त्या भागाची आजची स्थिती. तिथे काय लिहायचं याचे मोजके पर्याय ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ फाइलीच्या सुरुवातीलाच दिलेला आहे.

पहिला पर्याय 'सपोर्टेड': हा भाग बघण्यासाठी कुणाला तरी पगार मिळतो. दुसरा 'मेंटेन्ड': कुणीतरी या भागाकडे लक्ष देतं. पैशाचा विषय टाळून सगळ्यांना एकाच रांगेत बसवणं सोपं होतं. यादीने ते केलेलं नाही. आज कर्नलचा बहुतांश कोड कंपन्यांची पगारी माणसं लिहितात, पण रात्री जेवणं उरकल्यावर कॉम्प्युटरपाशी बसणारेही आहेत. आपला पॅच यांपैकी कुणाकडे चाललाय हे नवख्याला आधीच कळलं, की उत्तर यायला लागलेला उशीर त्याला अपमान वाटत नाही. पॅच पाठवण्याच्या नियमावलीत तर नाउमेद होऊ नका, उतावीळ होऊ नका असं सांगणारा स्वतंत्र भागच आहे. पुन्हा विचारण्याआधी निदान आठवडाभर थांबा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. किती थांबायचं हे माहीत असलेला माणूस थांबतो. ज्याला ते माहीत नसतं, तो दुसऱ्या दिवसापासून मनाला लावून घेतो आणि मग पुन्हा फिरकत नाही.

तिसरा पर्याय मला सगळ्यात हृद्य वाटतो. 'ऑड फिक्सेस': सांभाळणारा आहे, पण अधूनमधून एखादी दुरुस्ती घेण्यापलीकडे त्याला वेळ नाही. आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंसेवी कामात माणूस एक तर पदावर असतो, नाही तर राजीनामा दिलेला असतो. मधली अवस्था कागदावर नसतेच, आणि बहुतेक माणसं तर त्या मधल्याच अवस्थेत जगत असतात. घरात तान्हं मूल आलं, नोकरी बदलली, आईवडिलांचं आजारपण निघालं, की आठवड्याचे दहा तास महिन्याच्या एका तासावर येतात. अशा वेळी माणूस ओशाळतो, निरोपांना उत्तरं देणं टाळतो आणि शेवटी गुपचूप नाहीसा होतो. यादी त्याला सांगते की एक तासाचंही चालेल, फक्त तसं लिहून ठेव. कमी झालेल्या वेळेला तिने मानाची जागा दिली आहे.

चौथा पर्याय 'ऑर्फन', म्हणजे अनाथ: सध्या याला वाली नाही. आणि इथेच, व्याख्येच्या पोटात, चौकटी कंसात एक वाक्य येतं. त्याचा आशय असा, की तुम्ही नवा कोड लिहीतच आहात, तर कदाचित ही जबाबदारी तुम्हीच घेऊ शकाल.

या कंसाशी थोडं थांबायला हवं. स्वयंसेवक हवेत अशी हाक सहसा सगळ्यांना उद्देशून असते, म्हणून ती कुणालाच आपली वाटत नाही. हे आमंत्रण कुणापर्यंत पोचतं ते बघा. एखाद्या जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ज्याचं काम अडलंय, तो कोड ज्याने उघडलाय, दुरुस्तीही केलीय आणि आता ती कुणाला पाठवावी हे जो शोधतोय, असाच माणूस त्या ओळीवर येतो. त्या घडीला जगात त्या कोडची सगळ्यात ताजी माहिती बहुधा त्यालाच असते. शिवाय 'कदाचित' म्हटल्यामुळे नाही म्हणायला वाट मोकळी राहते, आणि तुमच्या चालू कामाबरोबरच हे करा म्हटल्यामुळे ओझं वेगळं वाटत नाही. माणूस, वेळ आणि काम तिन्ही अचूक गाठणारी इतकी छोटी विनंती लिहिणं सोपं नाही.

यादीतून नाव निघालं की ते पुष्कळदा शेजारच्या 'क्रेडिट्स' या फाइलीत जातं. तिथे 'डी' या अक्षरापुढे त्या माणसाने काय केलं ते लिहितात: अमुक ड्रायव्हर, तमुक दुरुस्ती. विशेषणं जवळजवळ नाहीतच, आणि त्यांची उणीव भासतही नाही. इथे 'एस' या अक्षरापुढे टपालाचा पत्ता येतो. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने 1991मध्ये छंद म्हणून लिनक्सचं काम जाहीर केलं, तेव्हा सुरुवातीच्या वापरणाऱ्यांकडे त्याने पैशांऐवजी पोस्टकार्डं मागितली होती. त्या काळाची ऊब या पत्त्यांमध्ये अजून आहे.

आता एक पॅच जवळून पाहू. समजा, एका लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की टचपॅड चालत नाही. एकाने ते कळवलं, दुसऱ्याने चार ओळी बदलल्या, तिसऱ्याने आपल्या यंत्रावर तपासून पाहिलं, चौथ्याने कोड वाचून बरोबर असल्याची ग्वाही दिली. पॅचच्या तळाशी या चौघांची नावं येतात: रिपोर्टेड-बाय, साइन्ड-ऑफ-बाय, टेस्टेड-बाय, रिव्ह्यूड-बाय. यातली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ 2004मध्ये कायद्याच्या गरजेतून आली. कोडच्या मालकीवरून एससीओ कंपनीने केलेल्या दाव्यानंतर कोड कुठून आला याची नोंद ठेवणं भाग झालं. बाकीच्या ओळींमागे मात्र श्रेय देण्याचाही विचार आहे. बग कळवणाऱ्याचं नाव का लिहायचं, तर तो पुढेही मदत करायला उद्युक्त होईल ही आशा, असं नियमावली मोकळेपणाने सांगते. बग खासगीत कळवला असेल तर नाव छापण्याआधी परवानगी घ्या, हेही सांगते. टेस्टेड-बायमुळे पुढच्या वेळी ते यंत्र कुणाकडे आहे हे सापडतं. इथले आभार कामाला येतात. ज्याने कोडची एकही ओळ लिहिली नाही, त्याचं नावसुद्धा इतिहासात कायमचं राहतं, आणि त्याने नेमकं काय केलं त्यासकट राहतं.

अर्थात, श्रेयाने सगळं भागत नाही. ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ कॉन कोलिवास आपला दवाखान्याचा व्याप सांभाळून कर्नलच्या शेड्युलरवर, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटून देणाऱ्या भागावर, काम करत. 2007मध्ये त्यांच्या शेड्युलरऐवजी रेड हॅट कंपनीतल्या इंगो मोल्नार यांचा शेड्युलर स्वीकारला गेला. मूळ दिशेचं श्रेय मोल्नार यांनी घोषणेतच कोलिवास यांना दिलं होतं. तरी कोलिवास त्याच वर्षी बाहेर पडले. 2009मध्ये नवा शेड्युलर लिहिला तोही त्यांनी मुख्य कर्नलबाहेरच ठेवला. नाव छापलं जातं, पण निर्णयात आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटलं नाही, तर माणूस जातो. बोलण्याच्या धारेनेही माणसं दुरावली. सप्टेंबर 2018मध्ये टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ रजा घेतली. त्याच महिन्यात प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. यादीतल्या भाषेत जी माणुसकी होती, ती रोजच्या बोलण्यात यायला वेळ लागला.

तरीही या फाइलींची थोरवी कमी होत नाही. स्वयंसेवकाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: इथे कोण आहे, कुठली जागा रिकामी आहे आणि मी केलेल्या कामाची नोंद कशी होईल. या तिन्हींची उत्तरं इथे साध्या मजकुरात आहेत. तुम्ही एखादं मुक्त सॉफ्टवेअर चालवत असाल, मग ते मराठी कीबोर्डाचं असो की शुद्धलेखन तपासनिसाचं, तर मदतीचं आवाहन लिहिण्याआधी अशी यादी लिहा. पगारी कोण, बिनपगारी कोण, कुणाकडे वेळ थोडा आहे आणि कुठल्या कामाला आज कुणीच नाही, हे खरं खरं लिहा. त्या शेवटच्या नोंदीपुढे कंसात एक ओळ जोडायला विसरू नका.