डब्यावरील चेहरा, घरातील मौन

रहस्यकथा म्हटली की खून, पोलीस आणि शेवटच्या पानावर सापडणारा गुन्हेगार अशी आपली समजूत असते. कॅरोलाइन बी. कूनी या अमेरिकन लेखिकेची ‘द फेस ऑन द मिल्क कार्टन’ ही १९९० सालची किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी ही समजूत मोडते. चिंचणीतील एका कॉलेजकन्येने ती आम्हांस आग्रहाने वाचावयास दिली. एका बैठकीत वाचून झाली. मनातून मात्र गेलेली नाही.

अमेरिकेत १९८४ च्या सुमारास हरवलेल्या मुलांची छायाचित्रे दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवर छापली जाऊ लागली. पंधरा वर्षांची जेनी जॉन्सन शाळेत जेवताना मैत्रिणीचा असा डबा उचलते. बारा वर्षांपूर्वी न्यू जर्सीतून पळवून नेलेल्या लहान मुलीचा चेहरा त्यावर असतो, आणि तो तिचा स्वतःचा असतो!

पुढे घराच्या माळ्यावरील पेटीत छायाचित्रातला ठिपक्यांचा झगाही सापडतो. आईवडील सांगतात : तू आमची नात, एका पंथाच्या नादी लागलेली आमची मुलगी हॅना तुला आमच्याकडे सोडून गेली, पंथाने तुला नेऊ नये म्हणून आम्ही आडनावही बदलले. या वेळी ते खोटे बोलत नाहीत. त्यांना ठाऊक आहे तेवढे सांगतात. पण डबा वेगळेच सांगत असतो.

लेखिकेचे खरे यश येथे आहे. गुन्हेगार कोण, या कोड्यापेक्षा मोठे कोडे त्या जेनीपुढे ठेवतात. ज्यांनी मांडीवर वाढविले त्यांच्यावर संशय घ्यावा कसा? आणि गप्प बसावे, तर दुसऱ्या घरी बारा वर्षे वाट पाहणाऱ्या मातेचे काय? सत्य बोलले तरी कोणाचे तरी घर मोडणार, न बोलले तरी मोडलेले घर तसेच राहणार. या कात्रीत सापडलेल्या मुलीची तगमग लेखिकेने फार प्रामाणिकपणे रंगविली आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. शेजारच्या रीव्हबरोबरच्या प्रेमप्रकरणाला जागा जास्त मिळाली आहे. हॅना केवळ कथेची सोय म्हणून येते. न्यू जर्सीचे कुटुंब तर दूरच राहते. त्याला न्याय मिळतो तो १९९३ च्या पुढील भागात.

मराठी वाचकास येथे कर्ण आठवल्यावाचून राहणार नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) त्याचे दुःख घरोघरी नेले. कुंतीचे मौन सुटले तेव्हा युद्ध दारात उभे होते. जेनीला सत्य पंधराव्या वर्षी कळते. अजून काही सावरता येण्याजोगे असते.

नाव बदलणे हे पाप नव्हे. आमच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांतील इ. स. ९२६ च्या लेखात संजाणचा कारभार पाहणारा मुहंमद ‘मधुमती’ या संस्कृत नावाने येतो. परंतु तो ताजिक कुळातला, हेही तेथेच कोरलेले आहे. नवे नाव आणि जुने मूळ एकाच पत्र्यावर! जॉन्सन दांपत्याला नेमके हेच जमले नाही.

आपल्या घरांनाही ते सहज जमत नाही. पूर्वी ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येई. मूल सज्ञान झाले की कायद्याने ते नाते संपे. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी पूर्ण दत्तकाची वाट मोकळी केली. कायदा पुढे गेला, घरातील मौन तसेच राहिले. लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी आलेल्या आईबापांच्या चेहऱ्यावर आम्ही गुपित फुटण्याची भीती पाहिली आहे. वीस-पंचवीस वर्षे जिवापाड केलेली माया एका कागदापुढे थरथरते, हे पाहवत नाही.

म्हणून आमची शिफारस अशी : इंग्रजी वाचणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांनी ही कादंबरी जरूर वाचावी; परंतु ज्या घरात असे मूल वाढत आहे, तेथे आधी आईवडिलांनी वाचावी. मग एखाद्या संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर मुलाला जवळ बसवून स्वतःच्या तोंडाने सांगावे. शेजारणीने किंवा कागदाने ते सांगण्याची वेळ येऊ देऊ नये.