रिचार्जवर क्रिकेट, क्रिकेटवर सिनेमा

२०२५च्या आयपीएलच्या तोंडावर बाबांनी मोबाइलचं रिचार्ज मारलं आणि स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, "यंदा क्रिकेट फुकट!" तसं ते फुकट नव्हतं. २९९ रुपयांचं किंवा त्याहून मोठं रिचार्ज केलं की नव्वद दिवस जिओहॉटस्टार, अशी ती योजना होती. पण बाबांचा हिशोब सरळ होता. रिचार्ज तर करायचंच होतं, मग वर आलं ते फुकटच की. आईने पोळी लाटता लाटता विचारलं, "त्यात मराठी सिनेमे असतात का?" बाबा म्हणाले, "असतील की. सगळंच असतं त्यात."

हे 'सगळंच असतं त्यात' माझ्या डोक्यातून जात नाही.

१४ फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन ॲप्स एक झाली. त्यामागे रिलायन्सची व्हायकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचं विलीनीकरण होतं. नोव्हेंबर २०२४मध्ये पूर्ण झालेला हा सौदा ७०,३५२ कोटींचा. पेपरांत ही बातमी अर्थविषयक पानावर आली, आणि तिथेच राहिली. खरं तर ती आपल्या करमणुकीची, आपल्या भाषेतल्या गोष्टींची बातमी होती.

मागे जाऊया. जून २०२२मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला. आधीच्या पाच वर्षांसाठी स्टारने टीव्ही आणि डिजिटल मिळून १६,३४७ कोटी मोजले होते. या वेळी आकडा ४८,३९० कोटींवर गेला, आणि हक्कांची वाटणी झाली. टीव्ही स्टारकडे राहिला, मोबाइल व्हायकॉम१८कडे गेला. त्यांनी काय केलं? २०२३चा अख्खा सीझन जिओसिनेमावर फुकट दाखवला, तोही बारा भाषांत. मराठी कॉमेंट्रीचा मला मनापासून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. केदार जाधव तिथे मराठीत बोलत बसला होता आणि सीझन चालू असतानाच बंगळुरूने त्याला खेळायला बोलावून घेतलं. माइक ठेवून बॅट उचलणारा समालोचक पुन्हा कधी बघायला मिळणार!

तिकडे हॉटस्टारचं काय झालं, ते या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत बोलकं वाटतं. २०२२च्या शरदात त्यांचे पैसे भरणारे सभासद सहा कोटींच्या वर होते. पुढच्या जुलैपर्यंत ते चार कोटींवर आले. मधल्या काळात एचबीओच्या मालिकाही तिथून गेल्या होत्या, हे मान्य. पण दोन कोटी माणसं काही एचबीओसाठी आलेली नव्हती. इतकी वर्षं ते दुकान गोष्टी विकतंय असं वाटत होतं. क्रिकेट उचलून नेल्यावर कळलं की गिऱ्हाईक गोष्टींसाठी येतच नव्हतं.

मग हॉटस्टारनेही तेच अस्त्र उपसलं. २०२३चा आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत ट्रॅव्हिस हेड आपल्या छातीवर नाचत असताना त्या ॲपवर एका वेळी ५ कोटी ९० लाख लोक होते. दोन दुकानं समोरासमोर बसून माल फुकट वाटतायत, आणि माल तर हजारो कोटींना आणलेला. हे किती दिवस चालणार? तीन महिन्यांत दोघांनी एकत्र येण्याची घोषणा केली. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात ना, तसे दोन वर्षं आपण आवळे खाल्ले.

नव्या ॲपचे सुरुवातीचे दर बघा. तीन महिन्यांचे १४९ रुपये फक्त मोबाइलसाठी, २९९ भरले तर टीव्हीवरही, ४९९ भरले तर जाहिराती कमी. म्हणजे कशावर बघणार, किती पडद्यांवर बघणार, हे विचारलं. काय बघणार, हे कुठेच विचारलं नाही. मला क्रिकेट नको, मराठी सिनेमे आणि मालिका द्या, असं म्हणायला खिडकीच नाही. मेथीची जुडी घेताना आतली चार काडं पिवळी निघाली तरी आपण जुडीचे पैसे देतो, तसं. गंमत म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४मध्ये या सौद्याला मंजुरी दिली, तेव्हा कंपन्यांकडून एक हमी घेतली होती. क्रिकेटमधल्या टीव्हीवरच्या आणि ॲपवरच्या जाहिरातींच्या जागा एकमेकींना बांधून विकायच्या नाहीत. जाहिरातदारापुरती जुडी सुटली म्हणायची.

यावर एक उत्तर येतं, आणि ते मला पूर्ण खोडता येत नाही. दूरदर्शनवरही सगळं एकत्रच होतं की. मॅच बघायला बसलेला माणूस बातम्या बघायचा, रविवारचा सिनेमा बघायचा. क्रिकेटसाठी आलेला कुणी चुकून एखादा चांगला मराठी सिनेमा बघत असेल तर बिघडलं कुठे? बिघडत नाही. पण दूरदर्शन गिऱ्हाईक टिकवायला बसलेलं नव्हतं. १९९३च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून भांडण झालं, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९९५मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००७मध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने कुणीही दाखवोत, प्रसार भारतीला सिग्नल द्यायचा. म्हणून आजही गावात फ्री डिशवर भारताचे अनेक सामने दिसतात. आयपीएल त्यात नाही, आणि मोबाइलवरचं ॲपही त्यात नाही. म्हणजे जिथे आपण खरोखर बघतो, तिथे तो कायदा पोचतच नाही.

माझी काळजी मात्र क्रिकेटची नाही. क्रिकेटला कुणीही सांभाळेल. काळजी त्याच्या मागे बांधलेल्या डब्यांची आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी ही कालपर्यंत दोन घरं होती. एका दारात नाकारलेली गोष्ट लेखक दुसऱ्या दारात घेऊन जायचा. आता दोन्ही दारांमागे मालक एकच. आणि ॲपवर त्या मालिका कुणी बघितल्या, कुणी अर्ध्यात सोडल्या, याचा सभासदत्वाच्या पैशांशी थेट संबंध उरलेला नाही, कारण पैसे रिचार्जमधून आलेत आणि रिचार्ज मॅचसाठी मारलंय. मालिका भिकार झाली म्हणून मी ॲप सोडणार नाही. उत्तम झाली म्हणून कुणी नव्याने घेणारही नाही. तिकीट न काढणं ही प्रेक्षकाची सर्वांत जुनी समीक्षा आहे. जुडीत ती करताच येत नाही.

क्रिकेटशिवाय उभं राहायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २०२१मध्ये प्लॅनेट मराठी 'जून'सारखा सिनेमा घेऊन आलं, फक्त मराठीच्या जोरावर. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. नेटफ्लिक्सला भारतात क्रिकेट लागलं नाही, कारण त्यांच्या मागे जगभरची वर्गणी आहे. फक्त मराठी विकणाऱ्याच्या मागे फक्त आपण असतो, आणि आपल्याला तर सगळंच रिचार्जवर मिळतंय.

३ जूनला बंगळुरूने आयपीएल जिंकली. बाबांनी ॲप उघडणं बंद केलं. नव्वद दिवसांतले पंधरा-सोळा उरले होते. आईने तेव्हा पहिल्यांदा तो फोन निवांत हातात घेतला. रोज दुपारी अर्धा-पाऊण तास, चष्मा लावून, एकेक सिनेमा. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "अहो, माझा एक अर्धाच राहिलाय."

"विसाला इंग्लंडमध्ये कसोटी सुरू होतेय," बाबा म्हणाले. "मारूच की रिचार्ज."