लेहनिंजरमधली लिपिडं: रेणू एक, प्रकरणं चार

नेट, सेट किंवा पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर नेल्सन आणि कॉक्स यांचं ‘लेहनिंजर प्रिन्सिपल्स ऑफ बायोकेमिस्ट्री’ असतंच. फॉस्फोलिपिड आणि स्फिंगोलिपिड या विषयावर इतकं स्वच्छ लिहिलेलं पाठ्यपुस्तक मला तरी दुसरं सापडलेलं नाही. फॉस्फोलायपेज ए१, ए२, सी, डी नेमका कोणता बंध तोडतात, ही एक आकृती नीट पाहिली तरी ग्लिसरोफॉस्फोलिपिडची रचना डोक्यात पक्की बसते.

तरीही माझी एक तक्रार आहे, ती मांडणीबद्दल. सातव्या आवृत्तीत (२०१७) रचना दहाव्या प्रकरणात, मेम्ब्रेन अकराव्यात, संदेशवहन बाराव्यात आणि संश्लेषण थेट एकविसाव्यात आहे. तिथे पोचेपर्यंत दहावं प्रकरण धूसर झालेलं असतं. मग आपण काय करतो? तक्ते पाठ करतो. पेशीत मात्र ही प्रकरणं वेगळी नसतात.

स्फिंगोमायलिनचंच घ्या. ते फॉस्फोलिपिड की स्फिंगोलिपिड? दोन्ही! पहिलं नाव फॉस्फेटमुळे, दुसरं स्फिंगोसिनच्या कण्यामुळे. आता संश्लेषण बघा. पामिटोइल-कोए आणि सेरीनपासून सुरुवात होते, पुढे सेरामाइड बनतं. त्यावरचा फॉस्फोकोलीन गट सीडीपी-कोलीनकडून येत नाही, तो फॉस्फॅटिडिलकोलीनकडून येतो आणि डायअसिलग्लिसेरॉल सुटतं. म्हणजे एका कुळातला रेणू दुसऱ्या कुळाला आपलं डोकं देतो, आणि उरलेला तुकडा प्रोटीन कायनेज सीला जागं करणारा असतो. रचना, संश्लेषण आणि संदेशवहन एकाच पायरीत! पुस्तकात हे सगळं आहे, पण जोडून पाहायचं काम वाचकावर सोडलंय.

दुसरं उदाहरण आपल्या भागातलं. वर्ध्यासह विदर्भात सिकलसेल हा ओळखीचा आजार आहे. लेहनिंजरमध्ये तो पाचव्या प्रकरणात हिमोग्लोबिनसोबत भेटतो. सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलीन, झालं, पाठ! पण या आजारात मेम्ब्रेनचीही मोठी गोष्ट आहे. लाल पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन आतल्या थरात असतं, स्फिंगोमायलिन आणि फॉस्फॅटिडिलकोलीन मुख्यतः बाहेरच्या. ही विषमता आपोआप टिकत नाही, फ्लिपेज त्यासाठी एटीपी खर्च करतं. पेशी वारंवार विळ्यासारखी वाकते तेव्हा आत कॅल्शियम वाढतं, स्क्रॅम्ब्लेज चालू होतं आणि काही पेशींमध्ये फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं. बाहेरच्या या ऋणभारित पृष्ठभागावर रक्त गोठवणारे घटक जमू शकतात, आणि मॅक्रोफेजसाठी तीच ‘हिला गिळा’ अशी खूण ठरते. रेणू बदलला नाही, फक्त बाजू बदलली. परिपक्व लाल पेशीत केंद्रक नाही, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नाही, त्यामुळे नवी फॉस्फोलिपिडं मुळापासून बनवायची सोयही नाही.

‘पण हजाराहून जास्त पानांच्या पुस्तकाला विभागणी करावीच लागणार ना?’ असं कुणी म्हणेल. मान्य. शिवाय अधलंमधलं एखादंच प्रकरण वाचायचं असेल तर हीच मांडणी सोयीची पडते. माझा आक्षेप एवढाच, की ज्या क्रमाने पुस्तक छापलंय त्याच क्रमाने तयारी करू नका.

एक रेणू निवडा आणि चारही प्रकरणांत त्याचा पाठलाग करा. वहीत चार प्रश्न लिहा:

१. यात एस्टर बंध कुठे, अमाइड बंध कुठे?
२. हा मेम्ब्रेनच्या कोणत्या बाजूला असतो, आणि तिथे त्याला कोण ठेवतं?
३. बनताना सक्रिय रूपात कोण येतं, डायअसिलग्लिसेरॉल की डोक्याचा गट?
४. तोडतं कोण, आणि तुटलेला तुकडा पुढे काय करतो?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त वगळला जातो. पण निमन-पिक (ए आणि बी प्रकार), गोशे, टे-सॅक्स या आजारांत बिघाड तिथेच आहे. लिपिड बनतं नीट, पण लायसोसोममध्ये ते तोडणारं एन्झाइम कमी पडतं, आणि माल साचत जातो. ज्याने फक्त संश्लेषण पाठ केलं, त्याला मुलाखतीत ‘मग साचतं का?’ एवढं विचारलं तरी अडचण होते.

आज सुरुवात पीआयपी२पासून करा. चारही उत्तरं पुस्तक न उघडता एका पानात लिहिता आली, तर हा विषय तुमचा झाला.