चहादाणी, माठ आणि पारख

‘चिनी माती’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र, चकचकीत कपबशी येते. परंतु चीनमधील चहाचे रसिक ज्या भांड्यावर जीव टाकतात ते पांढरेही नाही आणि चकचकीतही नाही. यीशिंग या गावाच्या परिसरात हाताने घडवलेली ही लहानशी चहादाणी तपकिरी, तांबूस किंवा जांभळट असते. तिच्या मातीचे चिनी नावच ‘जांभळी वाळू’ अशा अर्थाचे आहे. तिच्यावर काचेसारखी झिलई चढवत नाहीत. मातीचे अंग उघडेच ठेवतात. कू चिंगचौ (१९१५–१९९६) या नामवंत कारागिराची एक चहादाणी २०१० साली बीजिंगमधील लिलावात एक कोटीहून अधिक युआनला विकली गेली. मातीच्या भांड्यात एवढे काय असते आणि ते ओळखायचे कसे, हा प्रश्न विज्ञानशिक्षकालाही विचार करायला लावणारा आहे.

परंपरेने ही चहादाणी चाकावर घडवत नाहीत. मळलेली माती ठोकून तिची एकसारख्या जाडीची पट्टी करतात, ती वळवून नळकांडे तयार करतात आणि आतून बोटांचा आधार देत बाहेरून लाकडी फळीने चापटून त्याला पोट आणतात. तोटी, कान आणि झाकण वेगळे घडवून जोडतात. मग ती सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सियस तापमानाला भाजतात. या उष्णतेत मातीचे कण घट्ट सांधले जातात, तरी थोडी सूक्ष्म छिद्रे उरतात.

चांगली चहादाणी ओळखण्याच्या काही कसोट्या चक्क पदार्थविज्ञानाच्या आहेत. तोटीचे टोक भांड्याच्या काठापेक्षा खाली असता कामा नये. पाणी आपली पातळी शोधते. टोक खाली असेल तर भांडे भरण्याआधीच तोटीतून पाणी वाहू लागेल. दुसरी कसोटी झाकणाची. झाकणावरच्या बारीक छिद्रावर बोट ठेवून चहा ओतू पाहिला तर धार थांबली पाहिजे. झाकण सैल असेल तर फटीतून हवा आत शिरते आणि धार चालूच राहते. तिसरी कसोटी तोटीच्या ओठाची. ओतणे थांबवताच धार तुटली पाहिजे. ओठ बोथट असला तर पाणी त्याला चिकटून तोटीखालून ओघळते. हाताने घडवलेल्या भांड्यात या तिन्ही गोष्टी साधणे सोपे नाही. या भांड्याचे सौंदर्य त्याच्या कामापासून वेगळे काढता येत नाही, आणि त्याचे खरे मोठेपण मला येथे दिसते.

याखेरीज जे सांगितले जाते त्याकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. ‘ही माती श्वास घेते, म्हणून चहा चांगला होतो’ असे म्हणतात. चहा मुरतो तो काही मिनिटेच. तेवढ्या वेळात जाड, घट्ट भाजलेल्या भिंतीतून जाणारी हवा ती किती! ‘पुष्कळ वर्षे वापरलेल्या चहादाणीत नुसते गरम पाणी ओतले तरी चहा होतो’ ही दुसरी कथा. छिद्रांत चहाचा अंश मुरतो हे खरे; पण त्याने चवीत किती फरक पडतो हे ठरवायचे तर त्याच आकाराचे झिलईचे भांडे शेजारी ठेवून, कोणता चहा कशातला हे न सांगता, लोकांना चाखायला द्यावे लागेल. पडताळणीवाचून केलेल्या स्तुतीचा फायदा लबाडांना होतो. साध्या मातीत रसायनांचे रंग मिसळून ती अस्सल जांभळी वाळू म्हणून विकली जात असल्याचे चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनेच २०१० साली उघड केले.

आता आपल्या घरातल्या भांड्याकडे वळू. दापोली तालुक्यातील आंजर्ल्यात घरांच्या भिंती, गडगे आणि पाखाड्या जांभ्या दगडाच्या दिसतात. जांभ्याला लाली देतात ती लोहाची ऑक्साइडे. यीशिंगची चहादाणी आणि आपला तांबडा माठ यांच्या रंगामागेही तीच आहेत. घडणीतही नाते आहे. कुंभार मडक्याला चाकावर आकार देतो, पण आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने चोपतो तेव्हाच त्याचे पोट पातळ आणि गोल होते. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा आपल्याला ठाऊक आहेच. पारख कशी करावी याचे यापेक्षा नेमके चित्र कोठे मिळेल?

माठ आव्यात बऱ्याच कमी उष्णतेला भाजला जातो, म्हणून तो अधिक सच्छिद्र राहतो. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाण्यातले दहा ग्रॅम उडून गेले आणि बाहेरची उष्णता आत आली नाही, तर उरलेले पाणी जवळजवळ सहा अंशांनी थंड होईल. याला मर्यादा आहे ती हवेतील दमटपणाची. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले असता ती जे तापमान दाखवते, त्याच्याखाली माठातले पाणी जाऊ शकत नाही. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असलेल्या किनाऱ्यावरच्या हवेत ही मर्यादा सुमारे २८ अंश येते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत ती सुमारे २३ अंश असते. म्हणून तोच माठ आंजर्ल्यात जेमतेम गारवा देईल आणि सोलापुरात दात शिवशिवतील. दोष कुंभाराचा नव्हे.

बाजारात मडके टिचक्या मारून घेणारी बाई समीक्षकच असते. भेग गेलेले मडके बद्द वाजते हे तिला कळते. परंतु ही पारख कोणी लिहून ठेवली नाही. चहादाणीच्या बुडाशी घडवणाऱ्याचा शिक्का असतो. आपल्या माठावर कुंभाराचे नाव नसते. तिकडे कारागिरांच्या शैलींवर ग्रंथ झाले, इकडे माठाची किंमत रंगावरून ठरू लागली. तैलरंगाने नटवलेला माठ दिसतो छान, पण रंगाने छिद्रे बुजतात आणि पाणी गार होत नाही. जोडीला, माठातले पाणी अमुक रोग बरे करते अशा जाहिरातीही आल्या आहेत. असल्या स्तुतीने कुंभाराचे भले होणार नाही. ती खोटी ठरेल त्या दिवशी त्याच्या खऱ्या कौशल्यावरचाही विश्वास उडेल.

शाळेत एक प्रयोग करता येईल. फुटक्या माठाचा, रंगवलेल्या माठाचा आणि कपबशीचा असे तीन तुकडे कोरडे असताना तोलावेत, दिवसभर पाण्यात ठेवावेत आणि पुसून पुन्हा तोलावेत. वजनांतील फरक मुलांनी फळ्यावर मांडावा. मग गावात कुंभार असेल तर त्याला वर्गात बोलवावे आणि माती कोठली, तिच्यात काय मिसळता, आवा किती वेळ जळतो, हे मुलांना विचारू द्यावे. उत्तरांच्या वहीवर त्याचे नाव मात्र आठवणीने लिहावे.