गोधडी : वस्तू आणि रूपक

ग्रामीण व दलित साहित्याच्या चर्चेत गोधडी ही एक सोयीची प्रतिमा होऊन बसली आहे. आईची माया, ऊब, नात्यांची वीण असे तिचे अर्थ जणू ठरूनच गेले आहेत. ते खोटे नाहीत. मात्र ते फार लवकर हाती लागतात. प्रतिमा स्वीकारण्यापूर्वी ती ज्या वस्तूवरून आली ती वस्तू पाहणे आवश्यक आहे.

गोधडी विणली जात नाही, शिवली जाते. संहितेला विणीची उपमा देणाऱ्या रोलाँ बार्थच्या विवेचनाशी परिचित असलेल्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. विणकराचे सूत कोरे असते. गोधडीतला तुकडा आधी कुणाच्या तरी अंगावर झिजलेला असतो. जुने लुगडे अंथरायचे, त्यावर धोतर, परकर, बंडी यांचे तुकडे लावायचे, वरून दुसरे लुगडे घालून काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. सर्वांत जीर्ण कापड असे पोटात जाते. दिसतो तो टाका. ज्याची गोष्ट आहे ते कापड दिसत नाही. कोणता तुकडा कुणाचा, हे सांगणारी बाई गेली की गोधडी उरते, कथा उरत नाही. निवेदकाखेरीज ही संहिता वाचता येत नाही. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो.

अ‍ॅलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' (१९७३) या कथेतील शिकलेली मुलगी घरच्या गोधड्या भिंतीवर टांगू पाहते; आई त्या धाकटीला देते, कारण शिवण्याचे कसब धाकटीच्या हाती आहे. आपली समीक्षा बहुधा थोरलीच्या बाजूने उभी असते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : चिंधी आली कोठून? गावगाड्यात मढ्यावरचे कापड महारांच्या वाट्याला 'हक्क' म्हणून येई. तेथे चिंधी ही आजीची आठवण नसते, व्यवस्थेची खूण असते. याउलट बौद्ध भिक्षूचे पांसुकूल चीवर किंवा गाडगेबाबांचा चिंध्यांचा वेश हा स्वेच्छेने पत्करलेला आहे. निवडलेली चिंधी त्याग ठरते, लादलेली चिंधी अवमान. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना पेहरावाविषयी केलेला उपदेश आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात शुभ्र वस्त्रांत जमलेला समुदाय, यांचा अर्थ हा भेद मानल्याशिवाय लागत नाही. सरसकट 'ऊब' म्हणणारी समीक्षा नेमका हाच भेद पुसते.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात आईचे बांबूचे विणकाम आणि लेकीचे लेखन यांचे नाते जोडले आहे. ते रूपक टिकते, कारण आईचे विणकाम तेथे प्रथम पोटापाण्याचे श्रम म्हणून येते आणि मग प्रतिमा होते. क्रम उलटला असता तर उरली असती केवळ हळहळ.

नागपूरच्या थंडीत आमच्या घरी आजीने शिवलेली गोधडी अजून निघते. तिच्या पोटातील एकाही तुकड्याचा धनी मला सांगता येत नाही; आजी असताना मी विचारले नाही. गोधडीवर लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रथम शिवणाऱ्या बाईपाशी बसावे. तिच्या सांगण्यात 'ऊब' हा शब्द कदाचित येणारही नाही.